विश्लेषण : इन्सुलिन पंप लावल्यावर त्वचा का बिघडते? किनारपट्टीवर काय सांभाळावे?

दिवसातून चार-पाच वेळा इन्सुलिन टोचून घेणाऱ्या टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांसाठी इन्सुलिन पंप हा मोठा दिलासा असतो. पंप घेण्याचा निर्णय होतो तेव्हा घरात चर्चा असते ती किमतीची, दरमहा लागणाऱ्या साहित्याची आणि यंत्र वापरायला जमेल की नाही याची. पहिल्या काही आठवड्यांत अनेकांची गाठ पडते ती मात्र वेगळ्याच अडचणीशी. चिकटपट्टीखाली लाल चट्टा उठतो, खाज सुटते, पुरळ येते किंवा घामाने पट्टीच सुटते. उरणपासून अलिबाग, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंतच्या रायगडच्या दमट किनाऱ्यावर ही अडचण अधिक जाणवते. ती किरकोळ समजून सोसत राहणे धोक्याचे, आणि घाबरून पंप काढून ठेवणेही धोक्याचे. चट्टा नेमका कशाचा हे ओळखता आले, तर बहुतेक वेळा त्यावर मार्ग निघतो.

पंप त्वचेला कुठे आणि कसा चिकटतो?

पंपाचे पहिले रूप अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केले. ते पाठीवर घ्यायच्या पिशवीएवढे होते. आजचा पंप तळहातात मावतो. त्यात इन्सुलिनची छोटी कुपी असते. तिच्यातून निघालेली बारीक नळी पोटावर, मांडीवर, नितंबावर किंवा दंडाच्या मागे बसवलेल्या सेटपर्यंत जाते. या सेटमध्ये त्वचेखाली काही मिलिमीटर शिरणारी कॅन्युला असते. ती टेफ्लॉनची मऊ नळी असते किंवा पोलादाची बारीक सुई. तिला जागेवर धरून ठेवते ती चिकटपट्टी. टेफ्लॉनचा सेट साधारण दोन ते तीन दिवसांनी आणि पोलादी सुईचा त्याहून लवकर बदलावा लागतो. नळी नसलेला पंप तर सगळाच्या सगळा त्वचेला चिकटवलेला असतो. सोबत साखर सतत मोजणारा सेन्सर असेल, तर त्याची आणखी एक पट्टी आठवडा-दोन आठवडे अंगावर राहते. म्हणजे वर्षाचे ३६५ दिवस शरीराचा कुठला ना कुठला भाग गोंदाखाली झाकलेला असतो. त्वचेची अशी परीक्षा इंजेक्शनच्या काळात कधीच झालेली नसते.

त्वचेची तक्रार ही उपचाराची तक्रार का मानायची?

पंपात फक्त जलद काम करणारे इन्सुलिन भरलेले असते. इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनचा साठा असतो, पंप वापरणाऱ्याकडे तो नसतो. त्यामुळे खाजवताना पट्टी सैल झाली, कॅन्युला बाहेर आली किंवा आत दुमडली, तर पुरवठा थांबल्यापासून तीन-चार तासांतच साखर आणि कीटोन चढू लागतात. वेळीच लक्ष गेले नाही, तर कीटोॲसिडोसिस म्हणजे रक्त आम्लधर्मी होण्याची जीवघेणी अवस्था येऊ शकते. नळी सुटल्याची सूचना पंप प्रत्येक वेळी देईलच असे नाही. इन्सुलिन त्वचेत जाण्याऐवजी पट्टीवर झिरपत असले, तरी पंपाच्या हिशेबी ते दिलेलेच असते.

दुसरा परिणाम सावकाश होतो. चट्टे उठलेल्या जागा टाळत टाळत रुग्ण एकाच ‘बऱ्या’ जागेवर पुन्हा पुन्हा सेट लावतो. तिथली चरबी फुगून मऊ गाठ तयार होते. गाठीत टोचलेले दुखत नाही, म्हणून ती जागा आणखी आवडीची होते. पण तिथून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषले जाते. साखर का हलते आहे हे मग कळेनासे होते.

इन्सुलिनचा इतिहासही याच धड्याने सुरू होतो. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोमध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. अर्क अशुद्ध होता. टोचल्या जागी गळू झाले आणि साखर फारशी उतरली नाही. जेम्स कॉलिप यांनी अर्क शुद्ध केल्यावर २३ जानेवारीपासून दिलेली इंजेक्शने लागू पडली. त्वचेने दिलेली सूचना तेव्हाही औषधाविषयीच काही सांगत होती.

प्रत्येक लाल चट्टा म्हणजे ॲलर्जी असते का?

नाही. बहुतेक चट्टे ॲलर्जीचे नसतात. वरवर सारखे दिसणारे निदान पाच प्रकार वेगळे करावे लागतात.

पहिला प्रकार ‘चुरचुरण्याचा’. पट्टी ओढून काढल्याने, घाम अडकल्याने किंवा स्पिरिट पुरते वाळण्याआधीच पट्टी लावल्याने त्वचेचा वरचा थर दुखावतो. लाली नेमकी पट्टीच्या आकाराची असते, खाजेपेक्षा आग अधिक होते आणि पट्टी काढल्यावर एक-दोन दिवसांत उतरते.

दुसरा प्रकार घामोळ्यांचा. पट्टीखाली घामाची छिद्रे बंद होऊन बारीक टोचणारे दाणे येतात. जागा उघडी आणि कोरडी ठेवली की ते जातात.

तिसरा प्रकार गोंदाच्या खऱ्या ॲलर्जीचा. येथे खाज तीव्र असते, पाण्याचे बारीक फोड येतात आणि लाली पट्टीच्या कडा ओलांडून पसरते. पट्टी काढल्यावरही ती अनेक दिवस टिकते. पुढची पट्टी लावली की आधीपेक्षा लवकर उठते.

चौथा प्रकार जंतुसंसर्गाचा. कॅन्युलाच्या छिद्राभोवती जागा गरम, कडक आणि दुखरी होते, पू दिसतो, कधी ताप येतो.

पाचवा प्रकार बुरशीचा, म्हणजे नायट्याचा. कड लाल आणि उठावदार, मध्यभाग त्यामानाने साफ, आणि चट्टा गोलाकार वाढत जाणारा. पावसाळ्यात कमरेशी, जांघेत तो आधीच असेल, तर पट्टीखालच्या ओलाव्यात फोफावतो.

याखेरीज क्वचित प्रसंगी खुद्द इन्सुलिनचे किंवा ते टिकवण्यासाठी घातलेल्या द्रव्याचे वावडे असते. तेव्हा पट्टीखाली नव्हे, तर कॅन्युलाच्या टोकाभोवती गाठ, लाली आणि खाज येते. हे निदान डॉक्टरांनीच करायचे असते.

ॲलर्जी सुरुवातीला न होता नंतर का उद्भवते?

‘पहिले दोन महिने काही झाले नाही, मग हे आताच कुठून आले?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर कोकणातील जुन्या अनुभवात सापडते. बिब्बा एकाला उततो, दुसऱ्याला काहीच करत नाही. काजूच्या टरफलातील तेल आणि आंब्याचा चीक यांचेही तसेच. ही तिन्ही झाडे एकाच कुळातील. त्यांच्यातील द्रव्य त्वचेत शिरते, शरीराच्या संरक्षक पेशी त्याला ‘परके’ म्हणून ओळखायला शिकतात आणि पुढच्या स्पर्शाला हल्ला चढवतात. हे शिकायला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. कधी कित्येक महिने किंवा वर्षेही जातात. एकदा शिकल्यावर मात्र एक-दोन दिवसांतच चट्टा उठतो आणि ही ओळख सहसा आयुष्यभर टिकते. गाजरगवताने महाराष्ट्रात कित्येकांना दिलेला त्वचेचा त्रासही याच जातीचा.

गोंदाचे उदाहरण तर घरोघरी आहे. कपाळावर चिकटवायच्या टिकलीमुळे काही स्त्रियांना त्याच जागी खाज येते, तर काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. टिकलीच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्युटिल फिनॉल हे द्रव्य त्याला कारणीभूत असल्याचे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी वारंवार नोंदवले आहे. ज्यांना टिकलीचा, जखमेवरच्या पट्टीचा किंवा नखांवरील जेल पॉलिशचा त्रास झालेला आहे, त्यांनी पंप घेण्यापूर्वीच हे डॉक्टरांना सांगावे.

चिकटपट्टीत दोषी कोण?

झाडांच्या राळेपासून मिळणारा कोलोफनी हा गोंदातील जुना, ओळखीचा दोषी. अलीकडे अधिक चर्चा आहे ती ॲक्रिलेट गटातील रसायनांची. इन्सुलिन पंपाच्या सेटमधील गोंदाच्या घटकांची ॲलर्जी बेल्जियममधील त्वचारोगतज्ज्ञांनी १९९५ मध्येच नोंदवली होती. त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. २०१७ मध्ये युरोपात साखर मोजणाऱ्या एका सेन्सरमुळे चट्टे येणाऱ्या रुग्णांचा शोध घेताना ‘आयसोबॉर्निल ॲक्रिलेट’ हाच घटक पुन्हा समोर आला. लक्षणीय बाब अशी, की तो त्वचेला लागणाऱ्या पट्टीत मुद्दाम घातलेला नव्हता. सेन्सरच्या प्लास्टिक कवचाचे भाग जोडण्यासाठी वापरलेल्या गोंदातून तो झिरपत पट्टीत उतरत होता. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साठी ‘वर्षातील ॲलर्जीकारक द्रव्य’ म्हणून त्याचीच निवड केली.

यातून रुग्णासाठी दोन गोष्टी निघतात. एक, ‘संवेदनशील त्वचेसाठी’ असे लिहिलेली पट्टी प्रत्येकाला चालेलच असे नाही. दोन, एका बनावटीचा सेट सोसला नाही म्हणून सगळे पंप बाद होत नाहीत. गोंद वेगळा, जोडणीची पद्धत वेगळी, तर त्रासही वेगळा. मात्र उत्पादक सर्व घटक जाहीर करत नसल्याने कोणता सेट चालेल हे अनेकदा लावून पाहूनच ठरवावे लागते.

रायगडच्या किनाऱ्यावर वेगळे काय घडते?

थंड, कोरड्या हवेच्या देशांत लिहिलेल्या सूचनापुस्तिकेतील ‘तीन दिवस’ हा हिशेब एप्रिल-मेमधील अलिबागच्या उकाड्यात जुळेलच असे नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, पट्टीखाली त्वचा फुगून पांढुरकी आणि हळवी होते. अशा त्वचेतून रसायने सहज आत शिरतात आणि पट्टी काढताना वरचा थर सोलून निघतो. भर पावसात लावणीसाठी कमरेत वाकून तासन्‌तास उभे राहणारी शेतकरी स्त्री, मासळी आणि बर्फ हाताळणारी कोळीण, होडीवर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे अंगावर घेणारा तरुण यांच्यासाठी सेट कुठे लावायचा हा प्रश्न शहरी रुग्णापेक्षा वेगळा ठरतो. परकराच्या नाडीची, कासोट्याची किंवा पट्ट्याची जागा टाळली नाही, तर घर्षणाने पट्टीची कड दुमडते आणि करकोचा पडतो. अशांना नितंबाचा वरचा भाग किंवा दंडाची मागची बाजू सोयीची ठरू शकते. समुद्रात उतरल्यावर पट्टीच्या कडेत शिरलेली वाळू काचकागदाप्रमाणे घासते. म्हणून बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन कड टिपून घेणे आवश्यक. नळीचा पंप काढून पोहायचे असेल, तर तो किती वेळ बंद ठेवायचा हे डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावे. साधारणपणे ही मर्यादा तासाभराची मानली जाते.

दुसरा प्रश्न पुरवठ्याचा. पावसाळ्यात गेटवे-मांडवा प्रवासी बोटी बंद असतात, घाटरस्ते आणि पूल खोळंबतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा अनेक गावे कित्येक दिवस विजेविना होती. चट्टे येणारा रुग्ण सेट नेहमीपेक्षा लवकर बदलतो, म्हणजे त्याचा साठाही लवकर संपतो. जूनपूर्वी जादा सेट, बॅटरी किंवा चार्जिंगची पर्यायी सोय, कीटोन तपासण्याच्या पट्ट्या आणि इन्सुलिनचे पेन घरात असणे ही येथील रुग्णाची गरज आहे.

पट्टी लावताना आणि काढताना काय काळजी घ्यावी?

लावण्यापूर्वी जागा साध्या साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी. तेल, पावडर, क्रीम लावलेले नसावे. स्पिरिटने पुसल्यास ते आपोआप वाळू द्यावे, फुंकर मारू नये. आंघोळीनंतर लगेच घाम येत असेल, तर पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटे थांबून मग सेट लावावा. नाभीपासून सुमारे दोन बोटे अंतर सोडावे. व्रण, तीळ, गाठ आणि जुना चट्टा टाळावा. पोटाचे चार भाग कल्पून क्रमाने जागा बदलत गेल्यास एका जागेला सावरायला पुरेसा अवधी मिळतो. कोणती जागा कधी वापरली हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवणे पुरेसे.

काढताना घाई टाळावी. पट्टीच्या कडेला खोबरेल तेल किंवा बेबी ऑइल लावून काही मिनिटे थांबावे. मग एका हाताने त्वचा दाबून धरत, पट्टी वर न खेचता त्वचेला समांतर मागे दुमडत सोडवावी. नंतर तेल साबणाने धुऊन टाकावे, नाहीतर नवी पट्टी टिकत नाही. नवा सेट आधी दुसऱ्या जागी लावून मगच जुना काढला, तर इन्सुलिनमध्ये खंडही पडत नाही. नव्या सेटनंतर एक-दोन तासांनी साखर तपासावी. झोपण्याच्या वेळी सेट बदलणे टाळावे, कारण कॅन्युला नीट बसली नसल्यास ते सकाळीच कळते.

चुरचुरण्याचा त्रास वारंवार होत असेल, तर त्वचा आणि गोंद यांच्यामध्ये पातळ आवरण तयार करणारा ‘बॅरिअर फिल्म’चा फवारा किंवा पुसणी मिळते. ती वाळेपर्यंत थांबावे लागते. खऱ्या ॲलर्जीत हे पातळ आवरण बहुधा अपुरे पडते. तेव्हा जखमांसाठी वापरतात ती जाडसर हायड्रोकोलॉइड पट्टी आधी लावून तिच्यावर सेट बसवण्याचा पर्याय असतो. मात्र कॅन्युला पूर्ण खोलीपर्यंत जाईल अशा बेताने त्या पट्टीला छिद्र ठेवावे लागते. ही पद्धत प्रशिक्षक परिचारिकेकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी.

चट्टा उठल्यावर घरगुती उपाय किंवा दुकानातील मलम चालेल का?

हळद, लिंबू, टूथपेस्ट, चुना असे काही लावल्याने आधीच हळवी झालेली त्वचा अधिक चिडते आणि मूळ चट्ट्याचे रूपही झाकले जाते. त्याहून घातक आहे ते औषधाच्या दुकानात मागून घेतलेले ‘खाजेचे मलम’. त्यात अनेकदा स्टेरॉइड, बुरशीरोधक आणि प्रतिजैविक एकत्र असते. चट्टा नायट्याचा असेल, तर स्टेरॉइडने खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते. सततच्या वापराने त्वचा पातळ होते. हा गैरवापर रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीविना विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. ॲलर्जीचा चट्टा बरा करण्यासाठी स्टेरॉइड लागते हे खरे, पण कोणते, किती दिवस आणि कुठे लावायचे हे डॉक्टरांनी ठरवायचे. काही तज्ज्ञ पट्टीपूर्वी नाकाचा स्टेरॉइड फवारा त्वचेवर मारण्याचा सल्ला देतात. तोही त्यांच्या देखरेखीखालीच करण्याचा उपाय आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पू, वाढता ठणका, पसरणारी लाली किंवा ताप असेल, तर सेट लगेच दुसऱ्या जागी लावून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. साखर सतत चढी राहून औषधाच्या मात्रेला दाद देत नसेल, तर आधी सेटवर संशय घ्यावा. सेट बदलावा, कीटोन तपासावेत आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली मात्रा पेनने घ्यावी. उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागल्यास थेट रुग्णालयात जावे. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घेणे अवघड झाले, तर ती तातडीची वेळ समजावी.

एवढी निकड नसली तरी फोड येणारा, कडा ओलांडणारा आणि प्रत्येक पट्टीसोबत परत येणारा चट्टा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा. ते ‘पॅच टेस्ट’ करतात. संशयित द्रव्ये पाठीवर चिकटवून ४८ तास ठेवतात आणि त्यानंतर दोन-तीन वेळा तपासतात. त्या काळात पाठ कोरडी राहायला हवी, म्हणून किनारपट्टीवर थंडीचे दिवस त्यासाठी बरे. श्रीवर्धन किंवा मुरूडहून अलिबाग, पनवेल वा मुंबईला जाईपर्यंत चट्टा उतरलेला असतो, ही नेहमीची तक्रार. त्यावर मोबाइलमधील छायाचित्रे हा साधा उपाय आहे. पट्टी काढल्याबरोबर, दुसऱ्या दिवशी आणि चौथ्या दिवशी उजेडात एकेक छायाचित्र, सोबत तारीख, शरीराची जागा आणि सेटचे नाव. ‘ई-संजीवनी’ या सरकारी दूरवैद्यक सेवेवर बोलतानाही ही नोंद उपयोगी पडते.

पंप घेण्यापूर्वी काय विचारावे? तक्रार कुठे करावी?

पंपाची किंमत काही लाखांत जाते. पैसे भरण्यापूर्वी त्याच बनावटीचा रिकामा सेट किंवा नुसती पट्टी काही दिवस अंगावर लावून पाहू देण्याची मागणी करावी. शक्य असल्यास उकाड्याच्या दिवसांत आणि रोजची कामे करतानाच ही चाचणी घ्यावी. त्याच कंपनीचे टेफ्लॉन, पोलादी, वेगवेगळ्या लांबीचे सेट उपलब्ध आहेत का, त्रास झाल्यास उरलेली खोकी बदलून मिळतील का, हेही लेखी विचारून घ्यावे. चाचणीत चट्टा आला नाही म्हणजे पुढे कधीच येणार नाही असे मात्र नाही. ॲलर्जी नंतरही जडू शकते.

वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या त्रासाची नोंद घेण्यासाठी भारतात २०१५ पासून ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम सुरू आहे. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो. पट्टीमुळे आलेला चट्टाही त्यात नोंदवता येतो आणि रुग्ण किंवा नातेवाईकही ही नोंद करू शकतात. १८००-१८०-३०२४ हा त्याचा निःशुल्क क्रमांक आहे. युरोपात एका सेन्सरमधील द्रव्य पकडले गेले, ते चट्टे निमूट न सोसता डॉक्टरांपर्यंत पोहोचलेल्या रुग्णांमुळे आणि त्यांचा माग काढणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांमुळे. भारतातील उकाडा, घाम आणि पाऊस यांत कोणता गोंद टिकतो आणि कोणता बाधतो, याचे उत्तरही येथील रुग्णांच्या नोंदींतूनच मिळू शकते.